कॅमेरा कंपन्यांनी स्वस्तातला माल विकावा का? (पुतणीच्या कॅमेऱ्यावरून पडलेला प्रश्न)

भर_उन्हात

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी पुतणीला घेऊन कॅमेरा घ्यायला गेलो होतो. बारावी झाली, आता मास मीडियाला अ‍ॅडमिशन घेतलंय आणि कॉलेजने सांगितलंय की मोबाइल चालणार नाही, लेन्स काढता-घालता येणारा कॅमेरा पाहिजे. बजेट तीस हजार, म्हणजे पंचवीस दादाचे आणि वरचे पाच माझे. मला वाटलं होतं आरामात होईल, कारण सात-आठ वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकासाठी मीच चौकशी केली होती तेव्हा कॅननचा १३००डी, सोबत लेन्स, बॅग, कार्ड आणि वर एक डुगडुगता ट्रायपॉड गळ्यात मारून दुकानदार तिसाच्या आतबाहेर द्यायला तयार होते.

यावेळी काउंटरवरचा माणूस हसलाच. म्हणाला साहेब ते दिवस गेले, नवीन सीलपॅक हवा असेल तर पन्नासच्या खाली बोलूच नका. मग आमची तोंडं बघून त्याला दया आली असावी, खालच्या खणातून एक डबा काढला, नाव मोठ्या जुन्या कंपनीचं, झूम लेन्स पण काढता न येणारी. हातात घेतला तर आतून पोकळ वाटला, बटण दाबलं की क्षणभर विचार करून मग फोटो काढतो. पुतणी कानात म्हणाली, काका हा तर माझ्या फोनपेक्षा गंडलेला आहे. तसेच परत आलो, येताना मिसळ खाल्ली.

तर प्रश्न असा की या एवढ्या मोठ्या कंपन्यांना स्वस्तातला बरा कॅमेरा बनवणं जमत नाही का बनवायचाच नाही? आणि मुळात बनवावा का? माझा एक मित्र म्हणतो स्वस्त माल काढला की कंपनीचं नाव जातं. मला काही हे पटत नाही, मग पोरं शिकणार कशावर?

टेलीवाला

तुमच्या मित्राला माझ्यातर्फे एक कटिंग. अजिबात विकू नये.

कॅननने २०१८ ला ३०००डी आणला होता तो कुणाला आठवतोय? लेन्स जिथे बसते ती रिंगच प्लास्टिकची. फ्लॅश बोटाने उचलायचा. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीला, चष्म्याचा नंबर जुळवायचं चाक पण काढून टाकलेलं, म्हणजे चष्मेवाल्याने डोळे बारीक करून काय दिसेल ते मानून घ्यायचं. एवढं सगळं कापून वाचवले किती तर चार-दोन हजार, कारण त्याच्याच बाजूला १५००डी होता धातूच्या रिंगचा.

आणि हे घेतो कोण? लोणावळ्याला दोन ट्रिपा, भाचीचं बारसं, मग कपाट. तिथे पावसाळ्यात लेन्सला फंगस, म्हणजे बुरशी. मी दर हिवाळ्यात भिगवणला जातो, होडीत एक तरी जण असतो कॅमेऱ्यासोबत आलेली छोटी किट लेन्स लावून, रोहित पक्षी ठिपक्याएवढा येतो आणि मग कंपनीला शिव्या, कॅमेराच बेकार आहे म्हणून. असलं गिऱ्हाईक मिळवून कंपनीला काय मिळालं? पंधराशेला ओएलएक्सवर टाकलेले कॅमेरे नुसते.

अंधारखोली

टेलीवाले, पक्ष्यांपुरतं तुमचं बरोबर असेल, पण धंद्याचं गणित तुम्ही उलटं धरलंय. माझा सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला स्टुडिओ होता, १९७८ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटपासून पार पेन ड्राइव्हपर्यंत सगळं बघून झालंय, तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सुरुवातीला आमच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. १२० चा रोल, बारा फोटो, चौकोनी. सेटिंग म्हणजे उन्हाची खूण आणि ढगाची खूण, बाकी देवाची मर्जी. गावात कुणाकडे कॅमेरा नव्हता तेव्हा मी तो जत्रेला भाड्याने पण द्यायचो. रोल परत आला की बारातले सात-आठ लागायचे, दोनात अंगठा, एकात सगळ्यांची डोकी गायब आणि एक हमखास चुकून दाबलेला, चपलेचा. पण लोक त्या सात फोटोंसाठी तीनदा चकरा मारायचे, धुऊन आले का, धुऊन आले का.

मग नव्वदीत कोडॅकचा केबी१० आला. प्लास्टिकचा, दोन पेन्सिल सेल, फ्लॅश, फोकस करायची भानगडच नाही. हा मी किती विकला त्याचा हिशेब नाही, शाळेतले गुरुजी, एसटीतले कंडक्टर, लष्करातून सुट्टीवर आलेली पोरं. आणि खरं सांगू का, त्या कॅमेऱ्यात मला काही सुटत नव्हतं. चहापाण्याचे पैसे. सुटायचं ते रोलमध्ये, धुलाईत आणि प्रिंटमध्ये. छत्तीसचा रोल, त्यातले तीस तरी छापायचे, आणि आजीचा फोटो चांगला आला की त्याच्या आणखी पाच कॉप्या, प्रत्येक लेकीला एक. एक स्वस्त कॅमेरा घरात गेला की ते घर दहा-पंधरा वर्षं माझ्या दुकानाला बांधलं गेलं. महागडा एसएलआरवाला, म्हणजे लेन्स बदलायचा मोठा कॅमेरावाला, माझ्याकडे वर्षातून दोनदा यायचा आणि तासभर डोकं खायचा.

कॅमेरा स्वस्तात देऊन रोलवर कमवायचं हे डोकं काही माझं नव्हे, कोडॅक काढणाऱ्या अमेरिकेतल्या ईस्टमन साहेबाचं. १९०० साली त्याने ब्राउनी काढला, पुठ्ठ्याची पेटी, किंमत एक डॉलर, रोल पंधरा सेंटचा, सहा फोटोंचा. पोरांसाठी म्हणून काढलेला, पहिल्याच वर्षात दीड लाखाच्या वर गेले. त्याचं नाव गेलं का? उलट शंभर वर्षं पुरेल एवढं नाव त्या पुठ्ठ्याच्या पेटीनेच केलं.

आता कॅमेरा विकल्यावर कंपनीला मागून काय मिळतं? मेमरी कार्ड दुसऱ्याचं, प्रिंट कुणी काढत नाही. मग जे काही कमवायचं ते त्या एका डब्यातच कमवायचं, म्हणून तुम्हाला पन्नास सांगितले.

टकाटक_अल्बम

काकांना शंभरपैकी शंभर. त्याचाच पुढचा अंक सांगतो, मी लग्नाचे अल्बम करतो त्यामुळे हे रोज डोळ्यासमोर आहे.

कोडॅकने २००० नंतर हीच आयडिया डिजिटलला लावली. ईझीशेअर नावाचे स्वस्त कॅमेरे काढले, दाबा आणि फोटो काढा टाइप, आणि ते खपले पण तुफान, २००५ ला अमेरिकेत एक नंबरला होते. पण मागे रोल कुठाय? तोटा खाऊन विकत होते. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि त्याच वर्षी कॅमेरे बनवणं बंद. तीच कंपनी, तोच स्वस्त कॅमेरा, फक्त मागची पुरवणी गेली.

आणि दुसरीकडे फुजी बघा. त्यांचा इन्स्टॅक्स, म्हणजे फोटो काढला की लगेच कागदावर बाहेर टाकणारा कॅमेरा, १९९८ चा आहे, मधे तर इतका पडला होता की संपलाच म्हणत होते, आणि २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की एकूण दहा कोटी विकले गेले. गुबगुबीत खेळणं आहे ते, लेन्सचं कौतुक कुणी करत नाही. पण हळदीला मी एक टेबलावर ठेवून देतो, पाहुणे काढतात आणि दोरीला चिमट्याने अडकवतात, एका संध्याकाळी दहा फोटोंची आठ-नऊ पाकिटं सहज उडतात. एक फोटो पन्नासच्या आगेमागे पडतो मला. काकांचा क्लिक थ्रीच तो, रंगीत. आणि त्याच फुजीचा महागडा कॅमेरा घ्यायला लोक नंबर लावून थांबतात, तिथे कुणी म्हणत नाही की अरे हे तर पिंक कलरचं खेळणं बनवणारे.

बाकी आकडा म्हणाल तर जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचा हिशेब असा, २०१० ला सगळे मिळून १२ कोटी १० लाख डिजिटल कॅमेरे बाहेर पडले आणि २०२० ला ९० लाखसुद्धा नाहीत. जे गेलं ते जवळजवळ सगळं खालचं, खिशातलं, बारशाला काढायचं. ते काम मोबाइलने नेलं. तेव्हा कंपन्या गर्वाने वर गेल्या असं नाही, खालचा मजलाच वाहून गेला.

टेलीवाला

मग मी वेगळं काय म्हणतोय? वाहून गेला ना मजला, मग आता तिथे परत बांधकाम कशाला.

गिसनकर

टेलीवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, फक्त तिचा शेवट त्यांना आवडेल का बघू. मी सध्या जर्मनीत गिसनला असतो, इथून वेट्झलार लोकलने दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे लायका या महागड्या कॅमेऱ्यांच्या कंपनीचं पंढरपूर. पगार जर्मन असला तरी त्यांच्या दुकानात मी फक्त काच बघून येतो.

१९७१ ला लायकाने त्यांच्या एम मालिकेतला एम५ काढला. मोठा, जड, आतमध्ये उजेड मोजणारा लाइट मीटर, किंमत अर्थातच लायकाची. जुन्या भक्तांना तो आवडला नाही, वीट म्हणायचे त्याला. मग १९७३ ला मिनोल्टाबरोबर मिळून सीएल आणला, जपानमध्ये बनवून घेतलेला. लहान, हलका, त्यातही मीटर, त्यावरही एमच्या लेन्सा बसतात आणि किंमत बरीच खाली. आता सांगा, तुम्ही काउंटरवर उभे आहात, दोन्ही समोर ठेवलेत, काय घ्याल? लोकांनी तेच केलं. सीएल धडाधड खपला, एम५ पडून राहिला. १९७५ ला एम५ बंद, १९७६ ला सीएल पण बंद, कारण पोटची पोरगीच आईचा घास खायला लागली. एम मालिकाच संपते की काय अशी वेळ आली, शेवटी कॅनडातल्या मिडलंडच्या कारखान्यात एम४-२ काढून १९७७ ला गाडी परत रुळावर आणली.

पण गंमत अशी की हेच लायका २०१६ मध्ये सोफोर्ट नावाचा झटपट फोटोवाला कॅमेरा विकायला लागले, जो आतून फुजीचा इन्स्टॅक्स मिनी ९० आहे आणि फिल्म पण तीच लागते, फुजीवाला नुसता हसत असेल. त्याने काही बिघडलं नाही. एम घ्यायला आलेला माणूस सोफोर्ट घेऊन परत जात नाही ना. सीएलचा घोळ स्वस्त असण्यात नव्हताच, तो महागाच्या फार जवळ बसला होता.

आणि हो, भर_उन्हात, तुम्ही पाहिलेला डबा कुणाचा ते मला माहीत नाही, पण हल्ली जुन्या कंपन्यांची नावं भाड्याने मिळतात हे ध्यानात ठेवा. कोडॅक नावाचे डिजिटल कॅमेरे आता दुसरेच लोक परवाना घेऊन बनवतात. २०२५ ला तर किल्लीला लटकवायचा कॅमेरा आलाय कोडॅक नावाने, तीस डॉलर, १.६ मेगापिक्सेल, डब्यात कुठल्या डिझाइनचा निघेल ते उघडल्यावरच कळतं. पोरं त्याच्यावर पण तुटून पडली. खराब फोटो येतो म्हणूनच घेतात म्हणे, आता बोला.

अंधारखोली

नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा हे जुनंच आहे हो. निकॉनचा एफएम१० आठवतो का? शिकाऊ पोरांच्या हातात तोच असायचा. वर निकॉन लिहिलेलं आणि बनवलेला कोसिना नावाच्या दुसऱ्याच कंपनीने. पण बॅटरी गेली तरी शटर पडायचं, सेल फक्त मीटरला. पोरांना शिकायला आणखी काय लागतं.

पन्नास_एकआठ

मी इतका वेळ नुसती वाचत होते पण काकांच्या शेवटच्या वाक्यावर राहवलं नाही. स्वस्त विकावं की विकू नये यावर एवढं भांडताय पण कापायचं कुठून यावर कुणी बोलतच नाहीये.

मी दागिन्यांचे आणि खाण्याचे फोटो काढते, पोट त्याच्यावर आहे. माझा पहिला कॅमेरा असाच सगळ्यात खालचा, एका मोठ्या कंपनीचा, नाव नाही घेत. तीन महिन्यांचे ट्यूशनचे पैसे साठवून फोर्टात बोरा बाजारजवळच्या एका दुकानातून ५० एमएम १.८ लेन्स सेकंडहँड उचलली, केवढा आनंद, लोकलमध्येच लावून बघितली आणि ती फोकसच करेना. करकर पण नाही, काहीच नाही. मला वाटलं फसवलं, डोळ्यात पाणी, कुर्ल्याला उतरून परत गेले. दुकानदाराने शांतपणे सांगितलं की बाई लेन्स चांगली आहे, तुमच्या बॉडीतच फोकसची मोटर नाहीये, ती काढून किंमत कमी केलीय, हाताने फिरवा. डब्यावर हे कुठे मोठ्या अक्षरात होतं? नाही. मी दोन वर्षं हाताने फिरवली, आज त्याचा उपयोग होतो ही गोष्ट वेगळी, पण तेव्हाचा राग अजून आहे.

याच्या उलट ऑलिम्पस पेन बघा, १९५९ चा. त्यांचा मैतानी म्हणून विशीतला इंजिनियर होता, त्याने ठरवलं सहा हजार येनला कॅमेरा विकायचा, आणि त्यातली मोठी रक्कम आधी लेन्सवर घातली, लेन्स फर्स्टक्लासच पाहिजे यावर तो अडून बसला. मग उरलेल्या पैशात कॅमेरा. फिल्म पुढे सरकवायला खटका नाही, मागे दातेरी चाक, अंगठ्याने ढकला. मागचं झाकण बिजागरीचं नाही, आख्खं निघून हातात येतं. अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो, म्हणजे गिऱ्हाइकाचा रोलचा खर्च पण अर्धा. त्यांच्याच कारखान्याने सुरुवातीला तो बनवायला घेतला नव्हता, बाहेरून करून घ्यावा लागला. पुढे हा पेन लाखांनी खपला. आज कुणाच्या आजोबांकडे सापडला तर अजून त्यावर कडक फोटो येतात.

टेलीवाले दादा, तुमच्या त्या ३०००डीने डोळ्याजवळचं चाक काढलं, याने खटका काढला. दोन्ही कंजूसपणाच, पण एकात बघणाऱ्याचं नुकसान आणि दुसऱ्यात फक्त अंगठ्याला थोडा त्रास. मला एवढाच फरक कळतो.

आणि नावाची एवढी काळजी असेल तर निकॉनने १९७९ ला केलं तसं करा. ईएम नावाचा स्वस्त कॅमेरा आणि त्याच्याबरोबर सीरिज ई लेन्सा, पण त्या लेन्सांवर निक्कॉर हे त्यांच्या नेहमीच्या लेन्सांचं मानाचं नाव घातलंच नाही, फक्त निकॉन. ज्याला कळायचं त्याला कळलं. त्यातली १०० एमएम आजही लोक शोधून घेतात.

टेलीवाला

ताई अंगठ्याचा मुद्दा मान्य. पण आजच्या तारखेला तो मैतानी कोण आणणार, सेन्सरचाच खर्च निम्मा असेल. त्यापेक्षा सोनीचं बरं आहे, ए६००० हा २०१४ चा कॅमेरा वर्षानुवर्षं विकत राहिले, नवीन मॉडेल वरती आणि जुनंच हळूहळू खाली उतरवत. नवीन फडतूस बनवण्यापेक्षा जुनं चांगलं स्वस्तात द्या. याला माझा विरोध नाही.

टकाटक_अल्बम

विरोध नाही म्हणाले! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

पन्नास_एकआठ

भर_उन्हात दादा, या सगळ्यात तुमची पुतणी राहिलीच. तीसमध्ये सेकंडहँड घ्या, कॉलेजला तेवढं बास. निकॉन डी५६०० किंवा डी३५०० किंवा कॅनन २००डी, जे बरं मिळेल ते. घेताना लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर हात जोडून निघा, फंगस आहे ती. ग्रिपचं रबर सुटलंय का, कार्डच्या खाचेतल्या पिना वाकल्यात का ते बघा. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा आणि तोंडी सांगितलेला ऐकू नका, निकॉन असेल तर तिथेच फोटो काढून फाइल चेक करा. आणि निकॉन घेतलात तर ५० एमएम घेताना नावात जी आहे का डी ते बघा. निकॉनच्या या दोन्ही बॉडीत मोटर नाही, डी वाली घेतलीत तर तुमची पुतणी पण कुर्ल्याला उतरेल.

भर_उन्हात

मंडळी मनापासून आभार, मला वाटलं होतं दोन उत्तरं येतील. काल जाऊन डी५६०० घेतला, साडेसव्वीसला, बॅटऱ्या दोन, शटर काउंट अकरा हजार काहीतरी. टॉर्च मारली तेव्हा दुकानदार म्हणाला साहेब तुम्ही या लाइनमधले का. मी काही बोललो नाही, नुसती मान हलवली.

पुतणीने हा आख्खा धागा वाचला. तिला कॅमेऱ्यापेक्षा अंधारखोली काकांच्या चपलेच्या फोटोचं जास्त कौतुक. काका, ती विचारतेय तुमचा तो क्लिक थ्री अजून आहे का, चालतो का, आणि १२० चे रोल मिळतात म्हणे ऑनलाइन, तर एकदा बघायला मिळेल का? आम्ही महिनाअखेरीस साताऱ्याला येतोय लग्नाला.

अंधारखोली

आहे की. माळ्यावर आहे, झाकणाची कडी जरा सैल झालीय, रबरबँड लावावं लागतं. घेऊन जा म्हणावं, कायमचा, मला त्याचे पैसे नकोत.

रोल मात्र तिचे तिने घ्यायचे. भाव बघून या आधी.